लिनक्स टाका म्हणता, पण कोणते?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तेव्हापासून जुना संगणक असलेल्याला दोनच सल्ले मिळतात : नवा घ्या, नाहीतर विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत संगणक-प्रणाली टाका. दुसरा सल्ला ऐकून मी तोंडघशी पडलो, म्हणून हे पत्र.

आमच्या गावच्या शाळेत दहा जुने संगणक आहेत. कोअर टू ड्युओ प्रोसेसर, ४ जीबी रॅम, एनव्हिडियाचे जीफोर्स ८४०० जीएस ग्राफिक्स कार्ड. निवृत्तीनंतरची हौस म्हणून मी एकावर लिनक्स टाकले, सोबत आलेला ग्नोम हाच डेस्कटॉप (पडद्यावरच्या खिडक्या-मेनू दाखवणारा भाग) ठेवला. स्क्रीन सारखी गोठायची, म्हणून बूट करताना ‘नोमोडसेट’ लिहिले, म्हणजे कार्डाचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्राम) वापरू नको, असे संगणकाला सांगितले. गोठणे थांबले, पण मेनू इतका रेंगाळत उघडे की मुले मोठ्याने आकडे मोजत. एकदा सातापर्यंत गेली. ‘अबाउट’मध्ये पाहिले तर ग्राफिक्ससमोर कार्डाचे नावच नाही, तिथे ‘एलएलव्हीएमपाइप’. म्हणजे कार्ड स्वस्थ बसलेले आणि पडद्यावरचा ठिपकान् ठिपका प्रोसेसर रंगवतोय!

२०११ साली आलेल्या ग्नोम ३ पासून खिडक्या, सावल्या, सरकते पडदे हे सारे ग्राफिक्स कार्डाच्या भरवशावर चालते. दुबळ्या कार्डांसाठी ठेवलेला ‘फॉलबॅक मोड’ २०१३ मध्ये ३.८ आवृत्तीत काढून टाकला. इकडे एनव्हिडियाने या पिढीच्या कार्डांचा ३४० ड्रायव्हर २०१९ अखेर वाऱ्यावर सोडला. नव्या यंत्रावर ग्नोम देखणे चालते, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

मग एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप टाकला. ‘विंडो मॅनेजर ट्विक्स’ या सेटिंगमध्ये कंपोझिटरची (खिडक्यांना सावल्या, पारदर्शकपणा देणाऱ्या सोयीची) खूण काढली. सावल्या गेल्या, पारदर्शकपणा गेला, आणि मेनू क्लिकसरशी उघडू लागला. कार्ड तेच, ‘नोमोडसेट’ही तसेच. इनस्क्रिप्ट कळफलकाने मराठी टाइप होते, लिब्रेऑफिस चालते. यूट्यूब मात्र ४८०पीच्या वर नेऊ नये, पंखा विमानासारखा घोंगावतो. आणि ब्राउझरचे टॅब मोजूनच उघडावेत. तिथे कुठलाही डेस्कटॉप मदतीला येत नाही.

एका विक्रेत्याने हे दहाही संगणक ‘भंगार’ म्हणून निकालात काढले होते. आपल्या पुरवणीत नव्या लॅपटॉपची पाने नेहमी असतात. जुन्या कार्डावर कोणता डेस्कटॉप पेलतो, हेही एकदा छापा. उरलेले नऊ मी उन्हाळ्याच्या सुट्टीत घेणार आहे. त्याआधी आले तर बरे होईल.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, जि. सातारा