शेवाळाच्या कॅप्सुला विकण्याआधी माणसांवर चाचणी घ्या

मा. केंद्रीय आरोग्यमंत्री यांस,
सप्रेम नमस्कार.

प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत समुद्री शेवाळासाठी २०२० ते २०२५ या काळात ६४० कोटी ठेवले होते. कोकणातल्या बायकांना त्यातून चार पैसे मिळणार असतील तर आनंदच आहे. माझं गाऱ्हाणं त्याच शेवाळाच्या कॅप्सुलांबद्दल आहे, आणि ते तुमच्या खात्याकडचं आहे.

रत्नागिरीत माझं औषधांचं दुकान आहे. परवा एका काकांनी अशीच डबी पुढे केली. वर हृदयाचं चित्र, खाली ठळक 'अँटिऑक्सिडंट', म्हणजे शरीरातलं ऑक्सिडीकरण रोखणारं. "हे चालू केलं की रात्रीची गोळी बंद केली तर चालेल ना?" ती गोळी अॅटोरव्हास्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिन गटातली, आणि काकांची अँजिओप्लास्टी झालेली!

शेवाळात काही दम नाही, असं मी म्हणत नाही. त्यातलं अल्जिनेट हे तंतू आतड्यात पित्ताम्लं (चरबी पचवणारी पित्तातली आम्लं) अडकवतं, मग नवी बनवायला यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल ओढतं. फ्युकोइडन, फ्युकोझॅन्थिन ही शेवाळातलीच द्रव्यं दिल्यावर चरबीयुक्त खाद्यावरच्या उंदरांचे ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) उतरल्याचे प्रयोगही आहेत. पण डबीवर मिरवतो तो अँटिऑक्सिडंट गुण बहुतेकदा परीक्षानळीतला. डीपीपीएच या चाचणी-रसायनाच्या जांभळ्या द्रावात अर्क टाकला, द्राव पिवळा पडला, झालं सिद्ध! रक्तवाहिनीत असं सरळ काही घडत नाही. ऑक्सिडीकरण झालेलं एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, धमन्या बिघडवतं, म्हणून ई जीवनसत्त्व या अँटिऑक्सिडंटवरही मोठी भिस्त होती. २००० साली त्याच्या 'होप' या मोठ्या चाचणीचे निकाल आले. ९,५४१ रुग्ण, सरासरी साडेचार वर्षं, आणि हृदयविकारावर फायदा काहीच नाही.

शिवाय शेवाळ समुद्रातलं आयोडीन आणि आर्सेनिकही शोषून घेतं. प्रौढाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरतं. केल्प या तपकिरी शेवाळाच्या एका ग्रॅममध्ये त्याच्या कित्येक पट असू शकतं, आणि जादा आयोडीनने थायरॉइड बिघडू शकतो. फ्युकोइडनमध्ये रक्त न गोठू देण्याचाही गुण आहे.

आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेच्याच २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत शंभरातल्या ८१ प्रौढांच्या रक्तातल्या चरबीत काही ना काही बिघाड निघाला. गिऱ्हाईक तयारच आहे, साहेब. तेव्हा आयसीएमआरने आपल्या किनाऱ्यावरच्या शेवाळाची माणसांवर नीट चाचणी घ्यावी, स्टॅटिन चालू असलेल्या रुग्णांसह. तोवर एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने डबीवरचं हृदय काढायला लावावं. प्रत्येक बॅचचं आयोडीन आणि आर्सेनिक छापणं सक्तीचं करावं. आणि थायरॉइडच्या किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांसाठी इशारा हवा, मराठीत, काकांना चष्म्याशिवाय वाचता येईल एवढ्या अक्षरांत.

आपला,
एक औषधविक्रेता, रत्नागिरी