हेडफोन ओढला त्याबद्दल

चि. मनूस,

अनेक आशीर्वाद.

तुझ्या डोक्यावरचा हेडफोन मी ओढून काढला ते चुकलं. हे आधीच लिहून टाकतो, नाहीतर पत्र लांबत जातं, माफी मागे राहते आणि भाषण पुढे येतं. तीन हाका मारल्या होत्या. चौथी मारता आली असती, किंवा आई करते तसा खोलीतला दिवा एकदा बंद-चालू करता आला असता. मी सरळ हात घातला, वायर तुटली, मग तू बोललीस ते बोललीस आणि मी बोललो ते त्याहून वाईट होतं. पहाटे निघालीस तेव्हा मी जागा होतो. दार लागल्याचं ऐकू आलं नाही. इतकं हळू लावलंस, त्याचंच जास्त लागलं.

या पत्रात कानांचा विषय काढायचा नाही, असं आईला कबूल केलं आहे. तेव्हा अभ्यासाचं लिहितो.

तुझ्या विद्यापीठातला दिवस मला तुकड्यातुकड्यांनीच माहीत आहे. सकाळी रियाझाच्या खोलीसाठी वहीत नाव लिहायचं, अर्धा तास मिळाला तर मिळाला. पलीकडच्या खोलीत कोणीतरी ट्रम्पेटवर एकच ओळ चाळीस वेळा घासतोय आणि भिंतीच्या अलीकडे तू तोडीचा गंधार शोधते आहेस. दुपारी पाश्चात्त्य हार्मनीचा तास. मागच्या खेपेला तू आत्याला सांगत होतीस की त्यात समांतर पंचम चालत नाहीत, लिहिले तर गुण कापतात. आत्या म्हणाली, आपला तंबोरा जन्मभर पंचम आणि षड्जच छेडतो, तो मग नापासच म्हणायचा! तू हसली नाहीस. शांतपणे म्हणालीस, तिथे प्रत्येक आवाजाला आपली वेगळी वाट हवी असते. दोघं पंचमाचं अंतर धरून बरोबर चालायला लागले की ते एकमेकांत विरघळतात आणि चारांतले तीनच उरतात. मी पेपर वाचत असल्याचं दाखवत होतो. दुसऱ्या दिवशी प्रेसमध्ये ते वाक्य मी माझं म्हणून सांगितलं.

संध्याकाळी बँडची तालीम. तळघरातली ती खोली, ड्रमचा सेट, त्या झांजा, तीन-तीन तास. इथे थांबतो.

तुझ्या आवडीनिवडीचं म्हणशील तर मी त्यात आता बोलत नाही. तू मला फोनवरची यादी दाखवलीस ती आठवते: बाखचा फ्यूग, मग पोटात धडधडणारं ते बेसचं काहीतरी, मग अब्दुल करीम खाँसाहेबांची जुनी तबकडी, तीन-साडेतीन मिनिटांची, आणि पुन्हा धडधड. माझ्या वेळी ऐकणारासुद्धा एका घराण्याचा असायचा, निदान एका रेडिओ केंद्राचा. मी तुला विचारलं, तुझं घराणं कोणतं? तू म्हणालीस, "शफल." तेव्हा राग आला होता. आता मी तेही प्रेसमध्ये सांगतो.

आणखी एक आठवतं. तू नऊ वर्षांची होतीस. 1977 साली व्हॉयेजर यानांवरून सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी अवकाशात पाठवली, तीत केसरबाई केरकरांची भैरवी आहे, आणि त्याच वर्षी केसरबाई गेल्या, असं मी मोठ्या थाटात सांगत होतो. तू विचारलंस, "पण तिकडे ऐकायला कोणाला कान आहेत का?" आत्या हसून हसून लाल झाली. आप्पांना काही कळलं नाही. "काय म्हणते?" म्हणून ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मी ओरडून पुन्हा सांगितलं. तोवर विनोद शिळा झाला होता.

आला विषय. मी नाही आणला, आप्पांनी आणला.

मनू, आप्पा बहिरे नव्हते. हे आमच्यापैकी कोणीच कधी धड समजून घेतलं नाही, मी तर नाहीच. ते सारखं म्हणायचे, "ऐकू येतं रे, कळत नाही." आम्हाला ते सोंग वाटायचं. सुनेनं हळू बोललेलं ऐकू येत नाही आणि दारावरची टकटक बरी ऐकू येते! आता कळतं. मागांच्या शेडमध्ये आयुष्य काढलेल्या माणसाच्या कानांतून आधी उंच आवाज जातात, चार हजार हर्ट्झच्या आसपासचे. पियानोची उजवीकडची अगदी शेवटची पट्टी असते ना, तिथले. माणसाचा आवाज त्याच्या कितीतरी खाली असतो, म्हणून तो पोचतो. पण स, श, फ, त ही अक्षरं ज्या सुसकाऱ्यांनी ओळखू येतात ते सुसकारे वर असतात, आणि तेच गळून पडतात. उरते नुसती गुणगुण. तू गायला बसलीस की आप्पा अगदी समोर बसायचे, तोंड दिसायला हवं म्हणून, आणि भलत्याच जागी "वा" म्हणायचे. एकदा तू तंबोरा ठेवून तरातरा उठून गेलीस. मी तुझी बाजू घेतली होती. म्हटलं, आप्पा, कळत नसेल तर निदान गप्प बसा.

हे मी म्हटलं होतं.

तुझ्या कानात रात्री शीळ वाजते हे तू आईला सांगितलंस, मला नाही. वर म्हणालीस, तालमीनंतर सगळ्यांनाच वाजते, सकाळपर्यंत जाते. जाते, खरं आहे. कान दडे बसल्यासारखे होतात, दुसऱ्या दिवशी मोकळे होतात, आणि आपल्याला वाटतं हिशेब मिटला. पण आतल्या शंखात केसासारखे तुरे असलेल्या पेशी असतात, एका कानात पंधरा-सोळा हजार. सगळ्या जन्माला येतानाच मिळालेल्या. मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. कोंबडीच्या उगवतात. हे वाचून मी बराच वेळ कोंबडीचा हेवा करत बसलो होतो.

भांडणात तू बीथोव्हेन काढलास. "तो बहिरा होता, त्याचं काय अडलं?" मला त्या वेळी उत्तर सुचलं नाही, म्हणून मी आवाज चढवला. नंतर वाचलं. 1801 मध्ये, तिशीत, त्यानं एका डॉक्टर मित्राला पत्र लिहिलं आहे. कान रात्रंदिवस गुणगुणत असतात, असं त्यात आहे. नाटकगृहात नटांचं बोलणं कळायला वाद्यवृंदाला अगदी चिकटून बसावं लागतं, जरा लांब गेलं की वाद्यांचे आणि गळ्यांचे उंच सूर ऐकूच येत नाहीत, असंही आहे. उंच सूर, मनू. त्याचं कारण गोंगाट नव्हतं, मला माहीत आहे, तू तेच म्हणशील. पण त्याचं अडलं नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी ते पत्र वाचावं. 1824 मध्ये नवव्या सिंफनीनंतर टाळ्या पडत होत्या आणि कोणीतरी त्याला धरून लोकांकडे वळवलं, तेव्हा त्याला त्या दिसल्या, अशी गोष्ट सांगतात. लोक ती कौतुकानं सांगतात. मला ती ऐकवत नाही.

आणि तू तर प्रबंधाला विषय घेतला आहेस जवारी, तंबोऱ्याच्या तारेची ती झणकार! म्हणून हे पुन्हा पुन्हा लिहितो आहे. तुला वाटतं कान गेला म्हणजे सा ऐकू येईनासा होईल. सा जाणार नाही. पंचमही जाणार नाही. तार छेडल्यावर घोडीवरून ती जी झणकारत उठते, एकाच तारेतून सुरांचा पिसारा वर वर उलगडत जातो, त्याची वरची टोकं आधी जातील. मिरजेहून तो तंबोरा आणला तेव्हा कारागिरानं तुझ्यासमोर तारेखालचा दोरा सुईइतका सरकवला होता आणि मुकी तार एकदम बोलायला लागली होती. तू माझा शर्ट ओढून म्हणालीस, "बाबा, आत कोणीतरी आहे." ते जे आत आहे ते जाईल, आणि गेलं हे तुला कळणारही नाही. अंधार पडला की दिसतो, हे दिसत नाही.

आता एवढं लिहिलंच आहे तर हिशेबही देतो. 85 डेसिबलला रोज आठ तास, ही कामगारांसाठी धरलेली मर्यादा. त्यापुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. 88 ला चार तास, 91 ला दोन, 94 ला एक, आणि 100 ला फक्त पंधरा मिनिटं. लहान खोलीत ड्रम आणि झांजा जोरात वाजल्या की शंभर सहज ओलांडतात. तू तिथे तीन तास असतेस आणि नंतर मिक्सिंगला रात्री पुन्हा हेडफोन. तू हुशार आहेस, गणित तूच कर. प्रेसमध्ये माझ्या हाताखालच्या पोरांना मी मशीनजवळ कानात बोळे घातल्याशिवाय उभं राहू देत नाही, आणि माझीच मुलगी...

बघ. झालं भाषण सुरू. पुसून टाकणार होतो, पण शाईनं लिहिलं आहे.

तू म्हणालीस, प्लग घातले की सगळं गोधडीखालून ऐकू येतं, त्यात काय वाजवायचं? तुझं बरोबर होतं, मी उगाच हट्टीपणा समजलो. आमच्या प्रेसमधले ते फोमचे बोळे वरचे सूर जास्त खातात आणि खालचे कमी, म्हणून सगळं घोगरं होतं. संगीतवाल्यांसाठी वेगळे असतात, आत छोटी जाळी असते, ते सगळे सूर जवळजवळ सारखेच खाली आणतात. चित्र तेच, फक्त उजेड कमी. तुझ्या ड्रमवाल्या मैत्रिणीला विचार, तिच्याकडे असतीलही. दोन जोड पाठवतो आहे. वापर असं म्हणत नाही. खोलीत असू देत.

आता खरं ते लिहितो. मागच्या आठवड्यात मी स्वतः ऑडिओमेट्री करून आलो. तुला जा म्हणायचं तर आधी आपण जाऊन यावं म्हणून गेलो, दुसरं काही मनात नव्हतं. बंद खोलीत बसवतात, हातात बटण देतात, शीळ ऐकू आली की दाबायचं. मी बराच वेळ वाट बघत बसलो. वाटलं, यंत्र अजून सुरू केलेलं नाही. काचेपलीकडून ती मुलगी माझ्याकडे बघत होती, तेव्हा लक्षात आलं. कागदावर रेघ बरी सरळ जाते, चार हजारांपाशी खड्ड्यात पडते आणि पुढे थोडी वर येते. असा खड्डा गोंगाटाचा, असं म्हणाली. आप्पांचा कागद कधी काढलाच नाही, पण तो असाच असणार. आईला अजून सांगितलेलं नाही.

घरी येऊन तुझी ती सात मिनिटांची रचना पुन्हा लावली. पहिल्यांदा पाठवलीस तेव्हा मी "छान" एवढंच लिहिलं होतं. खरं सांगायचं तर मला वाटलं होतं फ्रीज बिघडला. तंबोऱ्याचं एक आवर्तन तू आठपट लांबवलंस, म्हणजे सगळंच तीन सप्तकं खाली आलं, चार हजारांवरचं पाचशेवर. अंधार करून ऐकली. तो पिसारा माझ्या पट्टीत उतरला होता. एकेक सूर उगवतो, फिरतो, विझतो, दुसरा येतो. आपल्या तंबोऱ्यात मला हे हल्ली ऐकू येत नाही. केव्हापासून येत नाही तेही सांगता येत नाही. तू हे कशासाठी केलंस मला ठाऊक नाही, पण मी तीनदा ऐकलं, आणि तिसऱ्या वेळी भलत्याच जागी "वा" म्हणालो.

मागच्या सुट्टीत मी जोडीच्या तारांचे दोरे लावून तुला म्हटलं होतं, बघ कशा बोलतात. तू "हो" म्हणालीस आणि माझी पाठ वळल्यावर ते थोडे सरकवलेस. कपाटाच्या काचेत दिसलं मला. तेव्हा वाटलं, पोरगी आता बापाचं ऐकत नाही.

हेडफोनची वायर जोडून आणली आहे, प्लगबरोबर पाठवतो. खर्जाच्या तारेखालचा दोरा निसटला आहे. मी लावलेला नाही, तंबोरा तसाच गवसणीत ठेवला आहे. तू आलीस की लाव.

तुझा,
बाबा

ता. क. आई विचारते आहे, रात्रीची शीळ कमी झाली का. आईच विचारते आहे.