पाय वाटून झाले, आता सॉकेट कोण बघणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातली कृत्रिम पाय वाटपाच्या शिबिराची बातमी वाचली. अर्धं पान दिलंय तुम्ही. फोटोत पुढारी इतके की पाय मिळालेली माणसं त्यांच्या मागे दडून गेली, पुढे फक्त प्लास्टिकचे पाय तेवढे ओळीने दिसताय. हेडिंग पण झकास, दिव्यांग बांधव पुन्हा स्वतःच्या पायावर. तुमचा वार्ताहर सहा महिन्यांनी याच लोकांच्या घरी जाऊन आला तर बरं होईल, मग तुम्हालाच कळेल ते पाय कुठे आहेत. आमच्या घरचा सांगतो. पडवीत खुंटीला टांगलाय, बुटासकट.

जिभाऊ माझे थोरले बंधू. शुगर बरीच जुनी, पण चैत्रात सप्तशृंगी गडाची पायी वारी कधी चुकवली नाही, तीही अनवाणी. आपल्याकडचं चैत्रातलं डांबर काय असतं ते तुम्हाला सांगायला नको. शुगरने पायाची जाणीव आधीच गेलेली, त्यामुळे तळव्याला फोड आला, फुटला, आत खडा रुतला, माणसाला पत्ताच नाही, मस्त भजनं म्हणत चालताय. घरी आल्यावर वहिनींनी पाहिलं. मग हळद लावली, मग गावातल्या डॉक्टरची ड्रेसिंग, मग अंगठा काळा पडला, अंगठा काढला, तरी थांबेना, शेवटी गुडघ्याखालून पाय. शुगरमुळे पाय कापावा लागलेल्या शंभरातल्या साधारण ८५ जणांची सुरुवात अशाच एखाद्या जखमेने झालेली असते. जखम वेळेवर बघितली तर बरेच पाय वाचतात, पण वाचलेल्या पायाचा फोटो कोण काढणार म्हणा.

पुढचं ऐका. ऑपरेशन झालं, टाके काढले, घरी पाठवलं. कापून उरलेल्या पायाखाली उशी ठेवायची नाही हे सांगायला दवाखान्यात कुणाला सुचलं नाही. वहिनी बिचाऱ्या दुखतंय म्हणून रोज मायेने उशी ठेवायच्या आणि गुडघा वाकला तो तसाच आखडून बसला. गुडघा वाचणं म्हणजे केवढं भाग्य असतं, गुडघ्याखालून पाय गेला तर कृत्रिम पायावर चालायला साधारण पावपट ताकद जास्त लागते आणि गुडघ्यावरून गेला तर निम्म्याहून जास्त, ते भाग्य त्या उशीपायी वाया जायची वेळ आली. क्रेप बँडेज खाली घट्ट आणि वर सैल बांधायचं, हेही कुणी दाखवलं नाही. रात्री नसलेल्या अंगठ्याला खाज सुटायची, आग व्हायची, तर गल्लीतले म्हणे बाहेरचं काहीतरी आहे, भगताकडे न्या. याला फँटम पेन म्हणतात आणि पाय गेलेल्या बहुतेकांना ते होतं, हे मला मोबाईलवर वाचून कळलं, ज्यांनी सांगायला पाहिजे होतं त्यांच्याकडून नाही.

मग असंच एक मागचं शिबिर. सकाळी माप, दुपारी प्लास्टरचा साचा, संध्याकाळी पाय, हार, फोटो आणि नाश्त्याचं पाकीट. काम फास्ट, मानलं. पण स्टंपची, म्हणजे कापून उरलेल्या पायाची, सूज उतरत जाते, तो कित्येक महिने बारीक होत राहतो, म्हणजे पहिलं सॉकेट, कृत्रिम पायाची ज्यात स्टंप बसतो ती वाटी, पुढे ढिलं होणारच, त्यात कुणाचा दोष नाही. जिभाऊंचंही झालं. एकावर एक मोजे चढवले तरी हाडाला घासून जखम झाली, म्हणजे जखमेपायी पाय गेला आणि पायापायी परत जखम. बॅनरवरच्या नंबरवर फोन केला तर उत्तर आलं, पुढच्या शिबिरात घेऊन या. पुढचं शिबिर कधी? ते साहेबांच्या वाढदिवसावर अवलंबून. तेव्हापासून जिभाऊ म्हणतात, 'हाऊ पाय मन्हा नही भाऊ, त्या फोटोवालास्ना शे.'

आणि माणूस एकदा खाटेवर बसला की बसलाच. शुगरने असा मोठा पाय गेलेल्यांपैकी जवळपास निम्मे लोक पाच वर्षांत जातात. हे तुमच्या बातमीत कुठे होतं?

पायाला माझा दोष नाही. जयपूर फूट १९६८ साली रामचंद्र शर्मा या कारागिराने आणि डॉ. सेठींनी बनवला तो आपल्यासारख्यांसाठीच, मांडी घालता यावी, उकिडवं बसता यावं, चिखलात बुटाशिवाय जाता यावं म्हणून. कानपूरला कृत्रिम अवयवांचा सरकारी कारखाना आहे, ते वाटायची केंद्राची योजना १९८१ पासून आहे. नाही तो फक्त सॉकेट घासून पॅड लावून देणारा, दोन दांड्यांमध्ये धरून चालायला शिकवणारा माणूस. अहो ट्रॅक्टर विकणारा सुद्धा सर्व्हिसिंग देतो! उपजिल्हा रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस असा टेक्निशियन बसवायला काय हरकत आहे, यावर आमचे लोकप्रतिनिधी हार घालून झाले की बोलतील का? कडबाकुट्टीत हात गेलेल्यांचं तर विचारूच नका, त्यांना मिळतो तो हात लग्नात मिरवायला ठीक, विळा धरायला नाही.

जाता जाता अजून एक. त्याच पानावर खाली एका काढ्याची जाहिरात आहे, शुगर मुळासकट घालवा, गोळ्या कायमच्या बंद, गँगरीन विना ऑपरेशन बरे. वर पाय वाटल्याची बातमी आणि खाली पाय घालवायची सोय! जिभाऊंनी मधे गोळ्या सोडल्या होत्या त्या असलंच काहीतरी वाचून. पेपर कोणता ते लिहीत नाही, आमच्या घरी एकच येतो.

चैत्रात पदयात्रा निघायच्या आत एवढं तरी छापा की शुगरवाल्यांनी गडावर खुशाल जावं, पण बूट-मोजे घालून जावं, रोज रात्री आरसा धरून तळवे बघावे, आणि निघायच्या आधी डॉक्टरांकडून पायाची जाणीव तपासून घ्यावी, नायलॉनचा दोरा तळव्याला टेकवून बघतात, पाच मिनिटांचं काम असतं. जागा नसली तर ती काढ्याची जाहिरात एक दिवस काढा.

आपला,
एक जुना वर्गणीदार
ता. अमळनेर, जि. जळगाव