आबांचा राहिलेला जय भीम

उदगीर,
रविवार, रात्र

प्रिय दोस्ता,

दिवाळीनंतर तुला ना फोन ना दोन ओळी. रागावला असशील, रागाव. इकडे सगळे बरे आहेत. माझी शुगर गोळीनं ताब्यात आहे, आईचे गुडघे तेवढे दुखतात. पण आज लिहायचं कारण वेगळंच. गुरुवारी दुकानात जे झालं ते तुझ्याशिवाय कुणाला कळायचं नाही.

मी मागं तुरीची पोती मोजत होतो. गल्ल्यावर चिरंजीव. स्टोव्हवाले मामू आले. ऐंशीच्या पुढं गेलेत आता, काठी टेकत येतात. नेहमीसारखा हात कपाळाशी नेऊन म्हणाले, "अस्सलाम वालेकुम." पोरानं मोबाइलमधून मान वर केली. "काय पाहिजे?" पायरीवर बसलेले त्याचे दोन दोस्त फिसकन हसले. मामूंचा हात वरच राहिला. मग त्यांनी तो टोपीवर नेला, सरळ असलेली टोपी पुन्हा सरळ केली, आणि "नक्को बेटा, शेठ रहे तो आतूं" म्हणून खाली उतरले.

मी पोत्यांच्या आडून सगळं बघितलं. आणि बाहेर आलो नाही.

"काय पाहिजे?" वाचून तुला कळलंच असेल. 14 जानेवारी 1994, संक्रांत. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं तो दिवस. आबा पांढरा सदरा घालून साखर न्यायला आले, तू पिशवी धरून मागं. "जय भीम, बाळा." कट्ट्यावर आमच्या गल्लीतली चार मोठी माणसं बसलेली. मी तराजूकडं बघितलं आणि म्हणालो, "काय पाहिजे?" आठ दिवस तू बोलला नाहीस. नंतर तळ्यावर एकच म्हणालास, "दोन शब्द जड झाले व्हय रे तुला?" त्यावर मीच तुझ्याशी भांडलो.

त्याच संध्याकाळी दादा तिळगूळ घेऊन तुमच्या दारात गेले होते. "जय भीम, गुरुजी" म्हणाले. मला एक शब्द बोलले नाहीत, पण त्यांच्या जिभेवर सगळ्या गावाचे नमस्कार होते हे तुलाही आठवत असेल. आमच्या लिंगायतांतल्याला शरणू शरणार्थी, माळकऱ्याला रामकृष्ण हरी, तांड्यावरच्या नायकाला जय सेवालाल, महानुभाव बाबांना दंडवत प्रणाम, बाकी साऱ्यांना राम राम. भालकीकडचा कानडी गिऱ्हाईक आला की "आराम अदीरी?", तेलंगणातल्या व्यापाऱ्याला "बागुन्नारा?" 1956 पर्यंत उदगीर बीदर जिल्ह्यातच होतं, आणि दादा तर निजामाच्या शाळेत अलीफ बे गिरवलेले. त्यांना हे शिकावं लागलं नाही. ते म्हणायचे, मालाची उधारी चालंल, नमस्काराची नाही.

रात्री पोराला विचारलं. तो म्हणाला, "पप्पा, मी वाईट काय बोललो? काय पाहिजे, एवढंच तर विचारलं." त्याला खरंच कळलं नव्हतं, आणि हेच मला खातंय. मला तेव्हा कळत होतं रे. कट्ट्यावरची माणसं काय म्हणतील म्हणून मी गप बसलो होतो. ह्याला तर समोरच्यानं काही दिलंय हेच दिसलं नाही. शाळेत गुड मॉर्निंग, मोबाइलवर हाय, घरात आम्ही कन्नड बोलायचं सोडलं. माझ्याकडून त्याच्यापर्यंत पोचलं काय, तर तेवढे दोन शब्द.

तू पुण्याला गेलास तेव्हा पहिल्याच रात्री आपल्या उदगिरी बोलीत "जेवूलालाव" म्हणालास आणि खोलीतली पोरं हसली. एसटीडीवरून फोन करून तू मला ते तीनदा सांगितलंस. आपण हसलो, पण तुझा आवाज मला अजून आठवतो.

शुक्रवारी सकाळी पोराला घेऊन मामूंकडं गेलो. ओट्यावर चढायच्या आधीच मी सलाम केला. मामू म्हणाले, "वालेकुम सलाम. अरे, इत्ती सुबू कायकू आया?" पोरगा तोंडातल्या तोंडात पुटपुटला. मामूंनी हात कानामागं धरला, "क्या बोल्या?" तेव्हा तो मोठ्यानं म्हणाला. मग चहा झाला.

तुझ्या बदलीचं काय झालं? वहिनींची परीक्षा कशी गेली? धाकटीचं वजन वाढलं का? फोनवर सांग सगळं.

मी शनिवारी पुण्याला येतोय. काम काही नाही, आबांना भेटायचंय. त्यांना आता कमी ऐकू येतं म्हणालास ना? मी दारातूनच मोठ्यानं म्हणेन. शेजारच्यांना सांगून ठेव.

तुझाच,
शेट्या