जपानी इंजिन टाकणार नाही, बंड्या!

डिडकॉट, ऑक्सफर्डशर
रविवार, रात्री

प्रिय बंड्या,

सप्रेम नमस्कार. परवा फोनवर तू म्हणालास, "त्या डबड्यात एखादं जपानी इंजिन टाक आणि मोकळा हो." घरात पाहुणे बसले होते, म्हणून तुला नीट शिव्या घालता आल्या नाहीत. आता सावकाश घालतो.

मुळात माझ्या एमजीबीचं, म्हणजे या जुन्या ब्रिटिश उघड्या टपाच्या स्पोर्ट्स गाडीचं, इंजिन तुला परकं नाहीच. अण्णांच्या अँबॅसिडरचं १४८९ सीसीचं इंजिन आणि हे १७९८ सीसीचं, दोन्ही बीएमसी या ब्रिटिश मोटार कंपनीच्या बी-सिरीज घराण्यातली. तोच ओतीव लोखंडाचा ब्लॉक आणि हेड, तेच पुशरॉड, तेच रॉकर. सांगलीतल्या आपल्या मिस्त्रीपुढे बॉनेट उघडलं तर हातातला चहा संपायच्या आत तो पाना मागेल. तेव्हा 'दिल्यानं साहेबाची गाडी घेतली' हे गावभर सांगणं बंद कर. (आणि तिकडे एमजी म्हणजे हेक्टर हेही विसर. ही १९७० ची, शेजारच्या ॲबिंग्डनच्या कारखान्यातली. तेव्हा ॲबिंग्डन बर्कशरमध्ये होतं, १९७४ मध्ये ते ऑक्सफर्डशरमध्ये आलं. कारखाना १९८० मध्ये बंद पडला.)

दुसरं म्हणजे, या गाडीला मारतं ते इंजिन नव्हे, गंज. हिला वेगळी चासी नाही, पत्र्याचा सांगाडाच सगळा भार उचलतो. त्यातही उघड्या टपाच्या गाडीत खरी ताकद दारांखालच्या सिलमध्ये असते. बाहेरचा पत्रा, मधला पडदा, आतला पत्रा आणि खालून एक पट्टा अशी ती रचना. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, ते आत जाऊन बसतं. बाहेरून रंग चकचकीत आणि आत नुसता भुगा, अशा गाड्या विकायला ढिगाने असतात. ओळखायची युक्ती सोपी आहे. एका बाजूला जॅक लावून गाडी उचलायची आणि त्या बाजूचं दार उघडून बघायचं. दार अडलं किंवा फट कमी-जास्त झाली, तर विकणाऱ्याला नमस्कार करून घरी यायचं. माझे सर्वाधिक पैसे या सिलच्या वेल्डिंगमध्ये गेले आणि त्याचा मला काडीचाही पस्तावा नाही. पाहणाऱ्याला त्यातलं काहीच दिसत नाही, ही गोष्ट वेगळी.

बदल मी केलेत, पण डोळ्यांना न दिसणारे. डिस्ट्रिब्यूटरच्या (स्पार्क प्लगना वीज वाटणाऱ्या भागाच्या) टोपीखालचे पॉइंट आणि कंडेन्सर काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं. हल्ली मिळणारे कंडेन्सर भरवशाचे नाहीत, दमट सकाळी तर अजिबात नाहीत. सीटमागे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या होत्या, तिथे बारा व्होल्टची एकच आली. हेडलाइटला रिले (विजेवर चालणारे वेगळे स्विच) लावले, कारण मूळ गाडीत दिव्यांचा सगळा करंट स्टीअरिंगजवळच्या त्या बिचाऱ्या स्विचमधून जातो. गाडीचं विजेचं सामान ल्युकस कंपनीचं, लोक तिच्या नावाने बोटं मोडतात, पण मला विचारशील तर निम्मे घोळ गंजलेल्या जोडांचे आणि ढिल्या अर्थिंगचे असतात. जोड घासून घट्ट केले की निम्मी भुतं उतरतात.

पेट्रोलचं मात्र खरंच बदलावं लागलं. इथे शिशाचं पेट्रोल २००० पासून बंद झालं, आणि व्हॉल्व्हच्या सीटची (व्हॉल्व्ह टेकतो त्या कड्यांची) झीज शिसंच रोखायचं, त्यामुळे हेडमध्ये एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या कडक सीट बसवून घेतल्या. मग सप्टेंबर २०२१ मध्ये दहा टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलं आणि जुन्या रबरी नळ्या पाझरायला लागल्या. त्या सगळ्या बदलल्या आणि आता महागडं पाच टक्केवालं भरतो. तुमच्याकडे तर थेट वीस टक्के! अण्णांच्या गाडीच्या नळ्या एकदा वाकवून बघ. बारीक चिरा दिसल्या तर थांबू नकोस, आधी बदल.

आता ज्याला मी हात लावणार नाही ते ऐक. ते दोन एसयू कंपनीचे कार्बोरेटर, म्हणजे हवा-पेट्रोल मिसळणारी भांडी. लोक ते काढून वेबर कंपनीचा एकच मोठा कार्बोरेटर बसवतात. बसवोत बापडे. पण रविवारी सकाळी एसयू जुळवण्यात जी मजा आहे ती वेबरमध्ये नाही. इंजिन चांगलं गरम करायचं, रबरी नळीचं एक टोक कानाला आणि दुसरं आधी एका कार्बोरेटरच्या तोंडाशी, मग दुसऱ्याच्या. दोन्हीकडचा फुसफुसाट सारखा आला की हवा जुळली. मग कार्बोरेटरमधला पिस्टन पिनने केसभर उचलायचा, वैद्याने नाडी धरावी तसा. आवाज क्षणभर चढून जागेवर आला तर मिश्रण बरोबर. चढून तिथेच राहिला तर पेट्रोल जास्त, इंजिन गचकलं तर कमी. खाली जेटचा षट्कोनी नट आहे, तो एका वेळी एकच बाजू फिरवायचा. हे करताना बायको खिडकीतून हाक मारते, तेव्हा ऐकू येत नाही असं दाखवावं लागतं.

ओव्हरड्राइव्हही, म्हणजे गिअरपेटीला जोडलेला जादा वेगाचा गिअर, तसाच ठेवलाय. तिसऱ्या-चौथ्या गिअरवर असताना बोटाने स्विच टाकला की सत्तर मैलांच्या वेगाला इंजिनाचे मिनिटाला चार हजारांजवळचे फेरे सव्वातीन हजारांच्या आत येतात. यावर पाच गिअरची पेटी कशाला बसवू, सांग. पुढच्या किंगपिनच्या (चाक ज्यावर वळतं त्या खिळीच्या) निपलना ग्रीसगन मारायची, तारांच्या चाकांच्या हबवरचे दाते साफ करून ग्रीस लावायचं, एवढी सेवा बास. रिव्हर्स टाकताना मागून 'ठक्' आवाज आला तर दाते झिजलेत समजायचं.

चाळीस वर्षांपुढच्या गाडीला इथे रोड टॅक्स नाही आणि तपासणीही माफ आहे. तरी मी दरवर्षी तपासून घेतो. ब्रेकच्या बाबतीत मला स्वतःवरही विश्वास नाही.

जूनमध्ये येतोयस ना? टप खाली करून कॉट्सवोल्ड्सच्या टेकड्यांत जाऊ. स्वेटर आण, इथल्या उन्हाळ्यावर विसंबू नकोस. आणि अण्णांना एक विचारून ठेव. टॅपेट (व्हॉल्व्हची फट) पंधरा थाउवर, म्हणजे पंधरा हजारांश इंचावर, लावायचे, पण गरम इंजिनावर की गार, यावरून इथले दोन म्हातारे वर्षभर एकमेकांशी बोलत नाहीत. अण्णा कसे लावायचे ते कळव. मी त्यांचंच ऐकणार आहे.

वहिनींना नमस्कार, चिंटूला पापा.

तुझा,
दिल्या