बीच क्लबचे पॉइंट आणि 2042 साल : आई-बाबांना पत्र

एडिसन, न्यू जर्सी
7 डिसेंबर 2025

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

बाबा, मागच्या रविवारी तुम्ही फोनवर दोन गोष्टी विचारल्या होत्या. डिस्ने व्हेकेशन क्लबमधले आपले पॉइंट, म्हणजे फ्लोरिडातल्या बीच क्लब रिसॉर्टमधल्या आपल्या हिश्श्यावर दरवर्षी मिळणारे आणि डिस्नेच्या रिसॉर्टांत मुक्कामासाठी वापरता येणारे पॉइंट, नातवंडांच्या नावावर करून ठेवावेत का, आणि 2027 मध्ये उघडणार असलेल्या डिस्नेच्या नव्या लेकशोर लॉज रिसॉर्टमध्ये आणखी थोडे पॉइंट घ्यावेत का. मी तेव्हा ‘बघते’ एवढेच म्हणाले, कारण कागद न वाचता उत्तर देणे मला बरोबर वाटले नाही. या आठवड्यात रोज रात्री मुले झोपल्यावर ते सगळे कागद वाचून काढले. माझे मत असे झाले आहे की या दोन्ही गोष्टी करू नयेत. पुढच्या डिसेंबरात आपण सर्वांनी मिळून साठलेले पॉइंट वापरावेत आणि त्यानंतर हा करार विकून टाकावा. दादाशीही सविस्तर बोलले आणि त्यालाही हे पटले आहे. वर्षाचे शुल्क माझ्या खात्यातून जाते आणि हिशेब माझ्याकडे असतो, म्हणून पत्र मी लिहावे असे आमचे ठरले.

तुम्ही 2016 मध्ये पुण्याला परत जाताना ती निळी फाइल माझ्या हवाली केली होती. इतक्या वर्षांत दर जानेवारीला शुल्काची पावती आत सरकवण्यापुरतीच मी ती उघडत आले. या वेळी पहिल्या कागदापासून पाहिली. सर्वांत वर ऑरेंज काउंटीत नोंद झालेले 2002 सालचे खरेदीखत आहे, आणि त्याच्या खाली चौकटीच्या वहीतला एक कागद आहे. शुक्रवार-शनिवारच्या रात्रींना पॉइंट जास्त लागतात, म्हणून रविवारी पोहोचून शुक्रवारी सकाळी निघायचे, ही सगळी मांडणी तुम्ही त्यावर पेन्सिलीने करून ठेवली आहे. त्याच कागदाच्या मागे आईची यादी आहे: लहान कुकर, मूगडाळ, मिसळणाचा डबा, जाडे पोहे, साजूक तूप. एक बेडरूमच्या व्हिलात पूर्ण स्वयंपाकघर मिळते, हे कळल्यावरच आईने या खरेदीला होकार दिला होता, हे मला नीट आठवते. तो कागद हातात घेऊन मी बराच वेळ बसले होते. तेव्हा पुढचे जे काही लिहिते आहे, ते या खरेदीला नावे ठेवण्यासाठी मुळीच नाही, हे आधीच सांगते. तुम्ही 2002 मध्ये घेतलेला निर्णय उत्तम होता. प्रश्न आहे तो पुढच्या सोळा वर्षांचा.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आपल्याकडे काय आहे, ते नेमके समजून घेतले पाहिजे. आपण बोलताना ‘बीच क्लबचे आपले घर’ म्हणतो आणि कागदावरही तो स्थावर मालमत्तेतला हिस्सा आहे, त्याची रीतसर नोंदणी आहे. पण खालची जमीन डिस्ने कंपनीची आहे आणि आपला हिस्सा भाडेपट्ट्यावर उभा आहे. मामांच्या वाशीच्या इमारतीची जमीन सिडकोने साठ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिली होती आणि त्या कागदांसाठी तुम्ही मामांबरोबर सीबीडी बेलापूरला खेपा घातल्या होत्या, म्हणून तुम्हाला हे वेगळे समजावून सांगायला नको. फरक एवढाच की सिडकोच्या पट्ट्याबाबत मुदत वाढवण्याची किंवा जमीन मालकीची करून देण्याची चर्चा होऊ शकते. इथे तसा कोणताही हक्क करारात लिहिलेला नाही. बीच क्लब व्हिलाजचा पट्टा 31 जानेवारी 2042 रोजी संपतो. त्या दिवशी खोल्या, इमारत, सगळे कंपनीकडे परत जाते आणि आपल्याला एक डॉलरही देणे लागत नाही.

ही तारीख आपल्या एकट्याची नाही. बोर्डवॉक, विल्डरनेस लॉजमधले बोल्डर रिज, व्हेरो बीच, हिल्टन हेड आणि 1991 मध्ये उघडलेले सर्वांत पहिले रिसॉर्ट म्हणजे आजचे ओल्ड की वेस्ट, क्लबच्या या सगळ्या रिसॉर्टांचे मूळ करार त्याच दिवशी संपतात. म्हणजे क्लबची पहिली पिढी एकाच दिवशी बाहेर पडेल. ओल्ड की वेस्टच्या सभासदांना 2007 मध्ये जादा पैसे भरून मुदत 2057 पर्यंत वाढवून घेण्याची संधी दिली गेली होती. काहींनी ती घेतली, काहींनी नाही, आणि त्यामुळे एकाच इमारतीत दोन वेगवेगळ्या तारखांचे मालक आहेत. तुम्ही त्याच उदाहरणावरून म्हणता की आपल्यालाही कधीतरी तशी संधी मिळेल. मला तशी आशा वाटत नाही. त्या गोष्टीला आता अठरा वर्षे झाली, आणि त्यानंतर दुसऱ्या कोणत्याही रिसॉर्टला तसे देऊ केलेले नाही.

त्याऐवजी कंपनीने काय केले ते पाहिले की पुढची वाट दिसते. डिस्नेच्याच कंटेम्पररी हॉटेलची एक बाजू पाडून 2009 मध्ये बे लेक टॉवर उभा राहिला. पॉलिनेशियनच्या जुन्या इमारतींतल्या खोल्या 2015 मध्ये, विल्डरनेस लॉजचा एक भाग 2017 मध्ये आणि ग्रँड फ्लोरिडियनची एक इमारत 2022 मध्ये अशाच व्हिलांत रूपांतरित झाल्या. रिव्हिएरा 2019 मध्ये, अनाहाइमच्या डिस्नेलँड हॉटेलचा नवा टॉवर 2023 मध्ये, फोर्ट विल्डरनेसच्या केबिन आणि पॉलिनेशियनचा आयलंड टॉवर 2024 मध्ये आले. हॉटेलच्या खोलीचे भाडे एकेका रात्रीने येते, व्हिलाचे पैसे मात्र पन्नास वर्षांसाठी एकदम हातात पडतात आणि वर दुरुस्ती-देखभालीचा खर्च सभासदांच्या शुल्कातून भागतो. ज्या कंपनीला हे गणित इतके चांगले जमले आहे, ती डिस्नेच्या एपकॉट उद्यानाच्या मागच्या दारापासून पाच मिनिटांच्या अंतरावरची, इतकी मोक्याची इमारत 2042 मध्ये जुन्या सभासदांकडे स्वस्तात राहू देईल, असे मानायला मला जागा दिसत नाही. डागडुजी करून ती नव्या पट्ट्याने नव्या भावात विकली जाईल, असा माझा अंदाज आहे. क्लबला धोका आहे असे मी अजिबात म्हणत नाही, तो जोरात चालेल. पण त्याच्या पुढच्या वाटचालीत आपल्या कराराला जागा नाही.

दुसरी गोष्ट पुनर्विक्रीच्या नियमांची. 19 जानेवारी 2019 पासून जो सभासद दुसऱ्या सभासदाकडून पॉइंट विकत घेतो, त्याला ते जुन्या चौदा रिसॉर्टांतच वापरता येतात. रिव्हिएरा, डिस्नेलँड हॉटेलचे व्हिला आणि फोर्ट विल्डरनेसच्या केबिन त्याला बंद आहेत. उलट रिव्हिएराचे पॉइंट असे दुसऱ्या हातून घेतले तर ते फक्त रिव्हिएरालाच चालतात. आपण थेट कंपनीकडून घेतल्यामुळे आपल्यावर हे बंधन नाही, म्हणून आजवर ते जाणवले नाही. पण याचा अर्थ नीट लक्षात घ्या. जुन्या चौदांपैकी सहा 2042 मध्ये गळतील, नवीन जे उभे राहतील ते बहुधा कुंपणाआडच असतील, आणि नव्या रिसॉर्टात आज घेतलेले पॉइंट उद्या विकायची वेळ आली तर गिऱ्हाईक हात आखडता घेईल. लेकशोर लॉजची जागा फार सुंदर आहे, बे लेकच्या काठावर, जिथे पूर्वी रिव्हर कंट्री हे जलक्रीडा उद्यान होते, आणि तुम्हाला ती का आवडली हे मी समजू शकते. परंतु बाबा, चौऱ्याहत्तराव्या वर्षी कोथरूडमध्ये राहून फ्लोरिडातला पन्नास वर्षांचा पट्टा घेणे मला कोणत्याही बाजूने योग्य वाटत नाही. तिथे राहायचेच असेल तर आपल्या पॉइंटांवरही ते जमेल.

शुल्काबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण तुम्ही अकरा वर्षे सोसायटीचे सेक्रेटरी होता आणि तुमचा पहिला प्रश्न हाच असणार. हे शुल्क म्हणजे आपला मेंटेनन्स आणि सिंकिंग फंड एकत्र: साफसफाई, कर्मचाऱ्यांचे पगार, विमा, मालमत्ता कर, छपरे, सोफे, गाद्या, सगळे त्यात येते. ते पॉइंटांच्या प्रमाणात लागते, आपल्या 160 पॉइंटांना वर्षाला हजार डॉलरहून अधिक पडते, आणि आपण गेलो काय आणि न गेलो काय, जानेवारीत भरावेच लागते. समुद्रकाठच्या व्हेरो बीचला वादळे आणि विमा यांमुळे ते किती चढले आहे, हे तिथले सभासद अनेक वर्षे सांगत आहेत. आपल्याकडे तेवढे नाही, पण शुल्क वाढतच जाते, आणि पट्ट्याची उरलेली वर्षे कमी होत जातात. एक बाजू चढती आणि दुसरी उतरती, अशी ही मालमत्ता आहे.

आता नातवंडांचे. 2042 च्या जानेवारीत थोरली सत्तावीस वर्षांची असेल आणि धाकटा चोवीस. म्हणजे त्यांच्या हाती स्वतःचे पैसे यायला लागतील, तेव्हा हा पट्टा संपत आलेला असेल. नाव चढले की शुल्काचे देणेही चढते, आणि ते थकले तर बोजा बसून जप्तीपर्यंत वेळ जाऊ शकते. माझ्या मुलांना आजी-आजोबांकडून असे काही यावे ज्याची पावती दरवर्षी भरावी लागेल, हे मला नको आहे. भाड्याने द्यावे, असेही आईने सुचवले होते. ओळखीच्या कोणाला एखाद-दुसऱ्या वर्षी देणे वेगळे, पण व्यापारी हेतूने देण्यास करारातच मनाई आहे आणि अलीकडे आरक्षण करतानाच वापर वैयक्तिक असल्याची कबुली द्यावी लागते. दरवर्षी अनोळखी माणसे शोधून तो व्यवहार करणे मला जमणार नाही आणि करावेसेही वाटत नाही.

विकायचे तर आज त्याला चांगली किंमत आहे. तुम्ही 2002 मध्ये दिलेल्या भावापेक्षा आजचा पुनर्विक्रीचा भाव अधिक आहे, कारण त्या जागेचे आकर्षण अजून टिकून आहे. दहा वर्षांनी उरलेली वर्षे सहा असतील, तेव्हा तो भाव राहणार नाही. ठरलेल्या किमतीला स्वतः विकत घेण्याचा पहिला हक्क कंपनीला असतो, पण त्याने आपले काही बिघडत नाही; पैसे तेवढेच मिळतात. तुम्ही भारतीय पासपोर्ट सोडला नाही आणि ग्रीन कार्डही परत केले, त्यामुळे विक्रीच्या रकमेतून 15 टक्के रक्कम कापून अमेरिकेच्या कर खात्यात जमा होईल. घाबरू नका, तो अंतिम कर नव्हे. विवरणपत्र भरल्यावर, नफ्यावर बसेल तेवढा कर जाऊन उरलेली रक्कम परत मिळते, आणि ते काम मी इथल्या आपल्या सीपीएंकडून (म्हणजे इथल्या सीएंकडून) करून घेईन. विक्रीखतावर तुम्हा दोघांच्या सह्या दोन साक्षीदार आणि नोटरी यांच्यासमोर लागतात. पुढच्या डिसेंबरात तुम्ही इथे असताना त्या उरकल्या, तर बीकेसीतल्या अमेरिकी वकिलातीत वेळ घेऊन रांगेत उभे राहण्याचा तुमचा त्रास वाचेल.

म्हणून डिसेंबर 2026. आपले पॉइंट-वर्ष जूनमध्ये सुरू होते. या वर्षीचे 160 पॉइंट तसेच पडून आहेत. ते 31 जानेवारीच्या आत पुढच्या वर्षात ढकलले नाहीत तर मेअखेर वाया जातील. ते काम मी कालच केले. त्यामुळे पुढच्या जूनपासून आपल्याकडे 320 असतील आणि पाच रात्री दोन बेडरूमचा व्हिला त्यात आरामात बसतो. एक खोली तुम्हाला, एक आम्हाला आणि बाहेरच्या सोफ्यावर मुले. दादा-वहिनी त्याच आठवड्यात जवळच स्वतंत्र खोली घेतील. थोरली वर्षाची असताना तुमचे बोट धरून वाळूचा तळ असलेल्या त्या तरणतलावात पहिल्यांदा उतरली होती, बाबा. धाकट्याने मात्र ती जागा फक्त फोटोत पाहिली आहे, आणि ‘पाण्याखाली खरीच वाळू आहे का’ हे तो मला दर आठवड्याला विचारतो.

आई, तुझ्या गुडघ्याचे मी विसरलेले नाही. तिथून एपकॉटला चालत जाता येते आणि चाकांची खुर्ची भाड्याने मिळते, तेव्हा तू नुसते हो म्हण. कुकर माझ्याकडे आहे, तोच. शिट्टीची रिंग मात्र येताना लक्ष्मी रोडवरून आण.

आपल्या स्वतःच्या रिसॉर्टचे आरक्षण अकरा महिने आधी उघडते, इतरांना सात महिने आधी. रविवार 6 डिसेंबर 2026 पासून हवे असेल, तर 6 जानेवारीला सकाळी आठ वाजता मी संगणकासमोर बसेन. तेव्हा पुण्यात संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतील. डॉक्टरांना विचारून ती तारीख चालेल की नाही ते महिनाअखेरपर्यंत कळवा, आणि विक्रीबद्दल तुम्हा दोघांचे काय ठरते तेही लिहा. फोनवर नको बाबा, पत्रानेच लिहा. मला ते त्या निळ्या फाइलमध्ये ठेवायचे आहे.

तुमची,
लेक