विषय : डीव्हीडीच्या व्हीओबी फाईल सलग वाजत नाहीत – चौथी तक्रार, या वेळी लेखी

प्रति,
ग्राहक सेवा विभागप्रमुख यांस,

पत्राच्या सुरुवातीला स.न.वि.वि. लिहायची मला सवय आहे, पण काल दुपारच्या फोननंतर ते हातून उतरेना. तेव्हा थेट मुद्द्यावर येतो.

तुमचा मीडिया प्लेअर मी २०२४ च्या दसऱ्याला सांगलीच्या दुकानातून ६,४९९ रुपये मोजून घेतला. मॉडेल आणि सिरीयल नंबर सोबतच्या बिलावर आहेत. फोनवर ते चार वेळा सांगून झालेत, 'बी फॉर बॉम्बे' करत. खोक्यावर तुम्हीच मोठ्या अक्षरांत छापलंय : व्हीओबी, आयएफओ, आयएसओ चालतं, डीव्हीडी फोल्डर चालतं. तेवढं वाचूनच घेतला. सिनेमे, मालिका, क्रिकेट यांतलं मला त्यावर काहीच बघायचं नव्हतं.

आणि दसऱ्यापासून फेब्रुवारीपर्यंत तो खरंच चालला. हे वाक्य कृपया दोनदा वाचा, कारण तुमच्या हेल्पलाइनवर ते अजून एकालाही ऐकू गेलेलं नाही. चालत होतं. फेब्रुवारीत तुम्ही अपडेट पाठवलं आणि बंद पडलं.

डीव्हीडीचं फोल्डर आतून कसं असतं हे तुम्हाला मी सांगायचं म्हणजे काशीत गंगाजल विकायचं. तरी सांगतो, कारण तुमचा एक प्रतिनिधी त्या फायलींना 'व्हायरस असू शकतो सर' म्हणाला. कार्यक्रम दोन तासांचा एकच असला तरी डीव्हीडीवर व्हीओबीची एक फाईल एक जीबीच्या वर जाऊ देत नाहीत. म्हणून त्याच कार्यक्रमाचे पाच तुकडे होतात, शेवटी एक ते पाच आकडे लागलेले. तुकडा पाडताना आत काय चाललंय ते कोणी बघत नाही. वजन भरलं की काप. हे पाच मिळून एकच आहेत, एकामागून दुसरा न थांबता लावायचा आहे, ही माहिती शेजारच्या इवल्याशा आयएफओ फायलीत असते. लग्नघरात एक काका असतात ना, कोणामागून कोण, कुठला विधी कधी, सगळं ज्यांना पाठ असतं, ती आयएफओ. तुमचा प्लेअर आधी त्या काकांना विचारून चालायचा. अपडेटनंतर त्याने काकांना ओळख दाखवणंच सोडलं. फोल्डर उघडलं की नुसती व्हीओबींची यादी दिसते, आयएफओ दिसतच नाही. एक फाईल संपली की पडदा काळा होतो, सहा-सात सेकंदांनी यादी येते आणि तिथेच बसून राहते. पुढची फाईल आपण रिमोटने लावायची. दर सत्तावीस मिनिटांनी.

आता हे ऐकणारं कोण, ते सांगतो. माझी आई. वय ८४, गेल्या वर्षी खुब्याचं ऑपरेशन झालं, बोटांना संधिवात. तुमच्या रिमोटची बटणं तिळाएवढी, तिच्या अंगठ्याला एका वेळी तीन दाबली जातात. वडील हौशी गवई होते. इथे मिरजेत त्याचं कौतुक फार नाही, तंबोरे बनवणाऱ्यांचं गाव, प्रत्येक गल्लीत एखादा सापडतोच. दर्ग्याच्या उरुसात त्यांनी उभं आयुष्य गाणं ऐकलं आणि थोडंफार गायलं. २००९ साली त्यांच्या पंचाहत्तरीला घरच्याच हॉलमध्ये बैठक केली, लग्नाचं शूटिंग करणाऱ्या मुलाने दोन डीव्हीडी करून दिल्या. वडील २०१६ ला गेले. त्यांच्या गाण्याचं तेवढंच शिल्लक आहे. त्यातली एक डिस्क आता अडखळते, जुन्या डीव्हीडी प्लेअरची लेन्स गेली, दुरुस्तीवाला म्हणतो पार्ट येत नाही. म्हणून भाच्याने दोन्ही फोल्डर जसेच्या तसे पेन ड्राइव्हवर उतरवले आणि आम्ही तुमच्या दारात आलो.

विलंबित एकताल, यमन. एक आवर्तन जवळजवळ मिनिटभराचं. मागे तंबोऱ्यावर आईच बसली आहे, निळं नऊवारी, मान खाली. पहिल्या तुकड्याच्या शेवटी वडील एक तान घेतात, लांब, उतरत उतरत समेकडे येणारी, म्हणजे बारा मात्रा संपून पुन्हा पहिली येते, जिथे गाणं टेकतं, तिकडे. दहावी मात्रा, अकरावी, आणि काळा पडदा. सम पुढच्या फायलीत आहे. समेवर मंडळींनी दिलेली दाद पुढच्या फायलीत आहे. तबलजी मान हलवून हसतो ते पुढच्या फायलीत आहे. अपडेटनंतर पहिल्यांदा हे झालं तेव्हा आई म्हणाली, "लाइट गेले का रे?" आता तसं विचारत नाही. आता आतल्या खोलीतून हाक येते, "अरे, त्यानं परत सम गिळली."

तुम्ही सुचवलेले उपाय सगळे केले. 'रिपीट ऑल' लावलं. मग तो शून्य आकड्याच्या फायलीपासून सुरू करतो, म्हणजे डीव्हीडीचा मेन्यू : झेंडूच्या फुलांची चौकट आणि सनईचा तुकडा. पुढच्या फायलींमधली काळी सहा-सात सेकंदं तशीच, आणि दोन तास संपले की पुन्हा सनई. आयएसओ, म्हणजे अख्खी डीव्हीडी एकाच फायलीत, करून बघितली, 'फॉरमॅट चालत नाही' असं येतं. खोक्यावर चालतं असं छापलंय, हे परत सांगतो. मग तुमच्याच माणसाने मे महिन्यात सांगितलं की पाचही फायली जोडून एक करा. भाच्याने केली. ती चार जीबीच्या वर गेली, पेन ड्राइव्ह फॅट-३२, म्हणजे तेवढी मोठी फाईल न घेणाऱ्या फॉरमॅटचा, असल्यामुळे घेईना. ड्राइव्ह नव्याने फॉरमॅट केला. फाईल लागली, पण प्लेअर म्हणतो एकूण वेळ सत्तावीस मिनिटं, आणि जरा पुढे सरकवायला गेलं की यमनमधून थेट भैरवीत. पुन्हा फोन केला तर उत्तर काय मिळावं? "सर, आपण मूळ फाईलमध्ये बदल केलेला आहे, त्यामुळे आम्ही सपोर्ट देऊ शकत नाही." तुम्हीच सांगता घर पाडा, आणि पाडल्यावर विचारता राहता कुठे.

पण हे पत्र ज्याच्यामुळे लिहितोय तो कालचा फोन. दुपारी चार चाळीसला लावला. मराठीसाठी तीन दाबलं, हिंदीत बोलणारी मुलगी आली, तिने वरिष्ठांकडे देते म्हणून होल्डवर टाकलं. बावीस मिनिटं. होल्डवरचं तुमचं संगीत मात्र बावीस मिनिटं सलग वाजलं. कुठे तुटलं नाही, काळं झालं नाही, यादी आली नाही. म्हणजे कला अवगत आहे.

मग वरिष्ठ आले. मराठी बोलत होते, त्याचं बरं वाटलं. ते क्षणभरच. मी पहिल्यापासून सगळं सांगितलं. ते म्हणाले, "सर, नेट स्लो असेल, राउटर बंद करून चालू करा." मी म्हटलं, पेन ड्राइव्हवर आहे, नेटचा संबंध नाही. ते म्हणाले, "ओके सर. पण राउटर एकदा बंद करून बघा." केला. काय होणार होतं? मग विचारलं, "सर, प्रोग्राम कुठला आहे?" मला वाटलं, चला, माणूस मुळाशी जातोय. सांगितलं, शास्त्रीय गाणं आहे. तर म्हणतात, "मग सर, तुम्ही यूट्यूबवर बघा ना. तिथे सगळं मिळतं, आणि सलग चालतं."

मी म्हटलं, "अहो, माझ्या वडिलांचं गाणं आहे. आमच्या हॉलमध्ये झालेलं. यूट्यूबवर कसं असेल?"

थोडा वेळ टाइप केल्याचा आवाज. मग, "सर, वडिलांचं नाव सांगता? मी सर्च करून देतो."

सांगितलं. का सांगितलं, मलाही कळत नाही. चार दिवस जागा असलेला माणूस काहीही करतो. त्यांनी खरोखर शोधलं आणि म्हणाले, "या नावाचे एक डेंटिस्ट आहेत सर, चालतील का?"

चालतील का! मी गप्प. मग त्यांनी समजुतीच्या सुरात सांगितलं, "सर, खरं सांगू का, आजकाल डीव्हीडी कोण बघतं? आपला प्लेअर लेटेस्ट कंटेंटसाठी आहे. एक बटण तर दाबायचंय." आणि माझं उत्तर यायच्या आत, "आमच्या सेवेला पाचपैकी किती गुण द्याल?"

मी टेलिफोन खात्यात तेहतीस वर्षं काढली. १९८ वर येणारी फोन बंदची तक्रार घेणं हे त्यातल्या कित्येक वर्षांचं काम. लोक शिव्या द्यायचे, आणि बऱ्याचदा त्यांचं बरोबर असायचं. पण फोन बंद आहे म्हणणाऱ्याला 'मग पत्र लिहा ना, आजकाल फोन कोण करतं' असं आम्ही कोणी सांगितल्याचं आठवत नाही. आणि त्या मुलाचाही राग नाही. त्याच्यासमोर जो कागद ठेवलाय तो तो वाचतो. तो कागद लिहिणाऱ्याने तुमचा प्लेअर हातात घेतलेला नाही एवढंच.

आता मला काय हवंय ते. जुनं फर्मवेअर, म्हणजे अपडेटआधीचं प्लेअरच्या आतलं सॉफ्टवेअर, परत द्या. पेन ड्राइव्हवर घालून कसं चढवायचं ते लिहून पाठवलंत तरी आमचं आम्ही करू. मला नवीन वैशिष्ट्यं नकोत, मेन्यूचा नवा रंग नको. जे विकलंत ते परत द्या. ते जमत नसेल तर ६,४९९ रुपये परत करा आणि प्लेअर घेऊन जा. वॉरंटी ऑक्टोबरपर्यंत आहे. 'सॉफ्टवेअर वॉरंटीत येत नाही' हे उत्तर एप्रिलमध्ये मिळालंय, ते पुन्हा पाठवू नये. खोक्यावर छापलेली गोष्ट चालत नाही, याला २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा काय म्हणतो ते मी वाचलंय. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून तक्रार नोंदवता येते आणि फोन करायची मला सवय झालीच आहे. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या मालाला फी लागत नाही आणि अर्ज आता ई-जागृती या सरकारी पोर्टलवर घरबसल्या होतो. सांगलीला जायची वेळ आली तरी बस अर्ध्या तासाची आहे, आणि मी निवृत्त माणूस आहे. वेळ माझ्याकडे तुमच्यापेक्षा जास्त आहे. पंधरा दिवस वाट बघतो.

खरं तर भांडायचं नव्हतं. पहिले चार महिने येणाऱ्या-जाणाऱ्याला मी तुमचंच नाव सांगत होतो. भाच्याच्या सासऱ्यांनी माझ्या सांगण्यावरून हाच प्लेअर घेतला, त्यांच्याकडे मुलीच्या लग्नाच्या तीन डीव्हीडी आहेत. अपडेट घेऊ नका, असा निरोप त्यांना वेळेवर गेला, एवढं नशीब. त्यांच्याकडे अजून सगळं सलग चालतं. म्हणजे दोष फायलींत नाही, राउटरमध्ये नाही, आमच्यातही नाही. अपडेटमध्ये आहे. चालत होतं, तुम्ही बंद पाडलंत.

उत्तर लेखी द्यावं. फोन करायचाच असेल तर दुपारी चार ते सहा सोडून करावा, ती आईची ऐकायची वेळ असते आणि मला रिमोट घेऊन बाहेर बसावं लागतं.

आपला ग्राहक (अजून),
मिरज

सोबत : बिलाची प्रत, खोक्याच्या त्या बाजूचा फोटो, काळ्या पडद्याचा मोबाईलवर घेतलेला व्हिडिओ. त्यात तान नीट ऐकू येते.

ता. क. – हे पत्र लिहिताना दोनदा उठावं लागलं. आता तिसरी हाक आली आहे.